एकरंगी फ्लॉप आणि हातात एक्क्यांची जोडी: किती लावायचं?

तिफण
झड लागली की ओसरीत पत्ते निघतात. मेंढीकोट, तीन पत्ती होतीच, आता टेक्सास होल्डेमही (मुठीत दोन-दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी) गावोगावी बसू लागला आहे. पैसे नाहीत, बिया. सोयाबीनचा दाणा ५०, चिंचोका १००, सागरगोटा १,०००. प्रत्येकाला ८ सागरगोटे, १८ चिंचोके आणि ४ दाणे, म्हणजे बरोबर १०,०००. ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, ५०/१००, सहा जण.

सरावासाठी एक हात मांडतो. कटऑफने, म्हणजे बटणाच्या आधी बसलेल्याने, २५० केले. आपण बटणावर (वाटणाऱ्याची जागा, फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणारी), हातात बदाम एक्का आणि किलवर एक्का. आपण ८०० केले. दोन्ही ब्लाइंड पडले, म्हणजे त्यांनी पानं टाकली, कटऑफने कॉल केला, म्हणजे बरोबरी केली. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, १,७५०, दोघांकडे मागे ९,२००.

फ्लॉप (मधली पहिली तीन पानं): इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, इस्पिकची चव्वी.

कटऑफने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. आपल्याकडे इस्पिक एकही नाही. लावायचं का, किती, आणि त्याने उलट वाढवलं तर काय? इस्पिकचा एक्का हातात असता तर उत्तर बदलतं का, हेही सांगा.

पऱ्हाटी
यात विचार कायचा करता भाऊ? एक्के हायत, ऑल-इन मारा, हाये थे सगळं लावा. चौथं इस्पिक यायच्या आधीच त्याले पळवा. पॉट आपला.

मोहफूल
आधी एक आकडा, कारण एकरंगी फ्लॉप म्हटला की माणूस उगाच धास्तावतो. ५२ पानांतून तीन पानं उचलायचे २२,१०० प्रकार. त्यात तिन्ही एका रंगाची येण्याचे १,१४४. म्हणजे ५.१८ टक्के, साधारण १९ फ्लॉपमध्ये एक. तीन पत्तीत कलर किंवा प्युअर सिक्वेन्स मिळून येण्याची शक्यता हीच, कारण मोजणी तीच तीन पानांची. तीन पत्तीवाल्यांना हा अंदाज हाताला सवयीचा आहे.

फरक एवढाच, की तीन पत्तीत कलर तुमच्या मुठीत असतो. इथे तो मधोमध उघडा पडलाय आणि दोघांचाही आहे.

वर्धा_वळण
पऱ्हाटीभाऊ, पळवता कोणाला ते मोजून बघू.

कटऑफ ८०० ला कशाने कॉल करेल? धरा: गुलामापासून छक्कीपर्यंतच्या जोड्या, एका रंगातले एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की आणि वेगवेगळ्या रंगांतले एक्का-राणी. आपले दोन एक्के आणि फ्लॉपची तीन पानं वजा केली की उरतात ७३ कॉम्बो, म्हणजे त्याच्या मुठीतल्या दोन पानांचे शक्य प्रकार.

त्यात तयार फ्लश, म्हणजे एका रंगाची पाच पानं, किती? एका रंगातल्या प्रत्येक हाताचे चार प्रकार, त्यातला इस्पिकचा एकच. शिवाय राणी, अठ्ठी, चव्वी इस्पिकची खालीच पडली आहेत, म्हणून त्या पानांचे हात आपोआप बाद. उरले एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी, राजा-गुलाम, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, सत्ती-छक्की. सात. त्यात अठ्ठ्यांच्या सेटचे (हातात जोडी, खाली तिसरी) ३ मिळवा. ७३ पैकी १० ठिकाणी आपण मागे, ६३ ठिकाणी पुढे.

आता ऑल-इन. कॉल कोण करणार? ते ७ फ्लश, ३ सेट, आणि इस्पिक एक्का धरून असलेले एक्का-राणी ३. बाकी ६० पडतात. ६० गुणिले १,७५० म्हणजे १,०५,००० आले. फ्लश आणि सेटसमोर मिळून जवळपास ८४,००० गेले. एक्का-राणीकडून सहा-सात हजार परत आले. ७३ ने भागा, एका हातामागे ३८५ च्या आसपास पडतात.

काहीही न लावता पाचही पानं पडू दिली, तरी पॉटमधला आपला वाटा १,२०० च्या आसपास निघतो. आपलंच धान आपण पाडून विकतो आहोत.

पऱ्हाटी
हा हिशेब मान्य. मंग काय चेक करत बसायचं? एक्के घेऊन चेक करायले जिवावर येते.

सरकी_ढेप
वर्धाभाऊ, राणीची जोडी काहून नाई धरली? लय जण थे लपवून कॉल करतेत.

वर्धा_वळण
बरोबर प्रश्न. बरेच जण राणीच्या जोडीने पुन्हा वाढवतात, म्हणून सोडली. तुमच्या पडवीत ती कॉल करत असेल तर आणखी ३ कॉम्बो धरा. मग ७६ पैकी १३ ठिकाणी आपण मागे, १७ टक्के. निर्णय तोच राहतो.

आर्णीकर
चेकही नाही आणि ऑल-इनही नाही. ६०० लावा, पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढे.

कारण असं. एकरंगी फ्लॉपवर हात तीन थरांत वाटले जातात: तयार फ्लश, एक इस्पिक असलेले, आणि इस्पिक नसलेले. तिसऱ्या थराला ६०० सुद्धा जड जातात. निव्वळ चौकट-बदामची सत्ती-छक्की तिथेच पडते. पहिला थर कितीही लावलंत तरी हटणार नाही. म्हणजे मोठी रक्कम लावून जादा मिळत काहीच नाही, फक्त मधला थर हुसकला जातो, आणि आपली मिळकत तर त्या मधल्या थरातच आहे. वर्धाभाऊंच्या यादीत एक इस्पिक असलेले १८ कॉम्बो निघतात: गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्कीच्या जोड्यांत प्रत्येकी ३, आणि इस्पिक एक्क्यासोबत राणी ३. शिवाय हातातली एक राणी खालच्या राणीशी जुळलेले, पण इस्पिक नसलेले ९ आहेत, तेही ६०० ला कॉल करतात.

सॉल्व्हर (उत्तम चाल शोधणारी संगणक प्रणाली) चालवणारे बहुतेक याच निष्कर्षाला येतात: एकरंगी फ्लॉपवर रक्कम लहान, पॉटच्या २५ ते ३३ टक्के, आणि चेकचं प्रमाण इतर फ्लॉपपेक्षा जास्त. त्यातही रंगाचं पान नसलेली मोठी जोडी काही वेळा मुद्दाम चेक केली जाते.

तिफण
म्हणजे ६०० ला कॉल झाला तर पॉट २,९५०, मागे ८,६००. आणि त्याने ६०० वर १,९०० केले तर?

आर्णीकर
तर १,३०० आणखी टाकायचे, आणि टाकल्यावर पॉट ५,५५० होतो. २३ टक्के वेळा जिंकलो तरी खर्च निघतो. त्याच्या वाढवण्यात फ्लश आणि सेट आहेतच, पण इस्पिक एक्का-राणी आहे, इस्पिक गुलामाची जोडीही आहे. फ्लॉपला एकदा कॉल करा. इथे उलट ऑल-इन करायचं नाही, पडायचंही नाही.

टर्नला (मधल्या चौथ्या पानाला) इस्पिक आलं नाही आणि त्याने पुन्हा पॉटच्या दोन-तृतीयांश किंवा जास्त लावले, तर इस्पिक नसलेले एक्के सोडायची वेळ झाली. तयार फ्लशसमोर आपल्याला टर्न आणि रिव्हर (पाचवं पान) दोन्ही पानं मनासारखी लागतात, तेव्हा कुठे फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) बनतं. ९९० पैकी २८ प्रकार, ३ टक्क्यांपेक्षाही कमी. त्याच्या फ्लशमध्ये इस्पिक एक्का असेल तर १८ च.

मोहफूल
मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न राहतो आहे. इस्पिकचा एक्का हातात असेल तर?

तर दोन गोष्टी एकदम बदलतात. वर्धाभाऊंच्या सात फ्लशमधले तीन इस्पिक एक्क्याचे होते, ते गेले. उरले चार. आणि समोर खरंच फ्लश असला तरी सात इस्पिकं अजून गड्डीत आहेत. पुढच्या दोन पानांत त्यातलं एक येण्याची शक्यता २९ टक्के. म्हणजे त्याच एक्क्यांच्या जोडीने, त्याच फ्लॉपवर, एका हातात ३ टक्के आणि दुसऱ्यात २९. एका पानाच्या रंगाने एवढं अंतर पडतं.

म्हणून इस्पिक एक्का असताना त्याच्या १,९०० ला खुशाल कॉल करा, टर्नलाही सहज सोडू नका.

एक बारीक गोष्ट. समोर इस्पिकची गुलाम-दश्शी असेल तर इस्पिकची नव्वी आपल्याला एक्क्याचा फ्लश देते, आणि त्याला अठ्ठी ते राणी स्ट्रेट फ्लश, म्हणजे एका रंगाची सलग पाच. दश्शी-नव्वी असेल तर तेच काम इस्पिकचा गुलाम करतो. क्वचित घडेल, पण फ्लॉपवर राणी आणि अठ्ठी एका रंगात दिसली की हे ध्यानात असू द्या.

सरकी_ढेप
अन् राजे असले तर ताई? इस्पिक राजा हाय, इस्पिक एक्का नाई.

मोहफूल
मधलं प्रकरण. चौथं इस्पिक आलं तर तुमचा फ्लश दोन नंबरचा, इस्पिक एक्केवाला एकटाच पुढे. फ्लॉपला लहान लावा, वाढवलं तर कॉल. पण चौथं इस्पिक पडल्यावर सगळे सागरगोटे एकदम लोटू नका. मध्यम रक्कम लावा. मोठ्या रकमेला कॉल करणारा बहुतेक तो एक्काच घेऊन बसलेला असतो.

प्रशासक
धागा चांगला चालला आहे. एकच स्मरण. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. इथली चर्चा चिंचोक्यांपुरती आहे, ॲपच्या लिंका टाकू नयेत.

अंबाडी
पत्ते पिसण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. मेंढीकोट आणि होल्डेम एकाच गड्डीने खेळत असाल तर ५.१८ टक्क्यांचा आकडा विसरा.

मेंढीकोटात रंगाला रंग टाकावा लागतो, त्यामुळे प्रत्येक हात बहुतेक एकाच रंगाची चार पानं घेऊन उचलला जातो. डाव संपला की असे तेरा हात एकावर एक. आता नीट न पिसता होल्डेम वाटा. सहा जणांना दोन-दोन म्हणजे बारा पानं, पहिले तीन हात संपले. तेरावं पान जाळलं, म्हणजे पालथंच बाजूला ठेवलं. चौदा, पंधरा, सोळा हा फ्लॉप, म्हणजे चौथ्या हातातली सलग तीन पानं. रंग एकच येणार, दुसरं काय!

हातावर वरवर पिसल्याने हे पुंजके फुटत नाहीत, पुंजकेच्या पुंजके जागा बदलतात. गड्डीचे दोन भाग करून अंगठ्यांनी सोडत एकमेकांत घुसवायचे, तेही सात वेळा. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये हाच सातचा हिशेब मांडला. पावसाळ्यात पानं दमट होऊन चिकटत असतील तर आधी सगळी पानं पालथी सतरंजीवर पसरून एक-दोन मिनिटं कालवा, गोळा करा, मग सात वेळा. शेवटी शेजाऱ्याकडून काटून घ्या.

पऱ्हाटी
अंबाडीताई, हे तर डोळे उघडणारं झालं. झडीत पानं लय चिकटतेत, अन् एकरंगी फ्लॉप लय येतेत.

तिफण
ताई, ही गोष्ट फार मोलाची. दोन गड्ड्या वेगळ्या ठेवणं सर्वांत सोपं.

सरकी_ढेप
टेक्सासवरून आठवलं. तिथल्या विधिमंडळानं २००७ मध्ये रॉब्सटाउन नावाच्या गावाले या खेळाचं जन्मस्थान म्हून मान्यता देली. थो मुलूख बी कपाशीचाच. कपाशीच्या मुलखातला खेळ कपाशीच्या मुलखात आला.

वर्धा_वळण
वा! अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस पिकवणारं राज्य टेक्सासच. आपल्याकडे बोंडअळी, त्यांच्याकडे एकेकाळी बोंड पोखरणारा सोंडकिडा. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

आर्णीकर
मुद्द्यावर येतो. दोन हात अजून राहिले आहेत: सेट, आणि तयार फ्लश.

सेट म्हणजे हातात अठ्ठ्यांची जोडी आणि खाली अठ्ठी. लोक फ्लशला भिऊन इथे गप्प बसतात. चूक. समोर फ्लश असला तरी रिव्हरपर्यंत फुल हाउस किंवा चार अठ्ठ्या होण्याची शक्यता ३४.७ टक्के. टर्नला सात पानं कामाची, तीन अशी आणखी मिळून रिव्हरला दहा. आणि त्या सातांतलं एकही पान फ्लशवाल्याकडे नसतं, कारण फ्लशवाल्याच्या मुठीत दोन्ही इस्पिकं आहेत आणि राणी-अठ्ठी-चव्वीची इस्पिकं तर खाली पडली आहेत. सेटने लावा, वाढवलं तर कॉल करा.

तयार फ्लश लपवायचा मोह होतो. एका रंगाची दोन पानं घेऊन फ्लॉपलाच फ्लश जुळणं १९,६०० पैकी १६५ वेळा, १ टक्क्याहून कमी. एवढ्या कष्टाने आलेल्या हाताला चिंचोके मिळायला हवेत. पण चौथं इस्पिक पुढच्या दोन पानांत येण्याची शक्यता ३१.५ टक्के, आणि ते आलं की समोरचा हात आखडतो. फ्लश जर सत्ती-छक्कीचा असेल तर समोरचं एकटं नव्वी-दश्शीचं इस्पिकही तुम्हाला मागे टाकतं. म्हणून लहान फ्लश जितका लहान, तितकी घाई जास्त: फ्लॉपला आणि टर्नला लावून घ्या.

मोहफूल
आर्णीकरभाऊंशी एका ठिकाणी असहमत. एक्का-गुलामाचा, सर्वांत मोठा फ्लश असेल आणि समोरचा स्वतःहून लावणारा असेल, तर फ्लॉपला एकदा चेक चालतो. चौथं इस्पिक आल्याने या हाताला फारशी भीती नाही.

आर्णीकर
ताई, फारशी भीती नाही हे खरं, पण पॉट वाढत नाही. १,७५० चा पॉट आणि मागे ९,२०० आहेत. ते सगळे मध्ये आणायचे तर तीनही फेऱ्या लागतात. एक फेरी चेकमध्ये घालवली तर उरलेल्या दोन फेऱ्यांत पॉटहून मोठ्या रकमा लावाव्या लागतील. समोरचा खरोखर रोज लावणारा असेल तर तुमचं म्हणणं लागू, नाहीतर ६००.

सरकी_ढेप
आमच्याकडं दोघांत हात कुठं होते? ८०० केले तरी तिघं-चौघं आत येतेत. मंग?

वर्धा_वळण
मग बिनइस्पिकचे एक्के खूप हलके होतात. समोर तिघं असतील आणि पानं कोणतीही धरली, तरी तिघांपैकी निदान एकाकडे इस्पिक असण्याची शक्यता ७८ टक्के. तिघांतला एक कॉल करणारच, आणि तो इस्पिकवालाच असणार. चौघांच्या पॉटमध्ये चेक करा, कोणी लहान लावलं तर एकदा कॉल, दोघांनी जोर लावला तर पडा. इस्पिक एक्का असेल तर गोष्ट वेगळी.

आणि मुळात चौघं आत येत असतील तर ८०० कमी पडताहेत. १,१०० करा.

तिफण
फ्लॉपच्या आधी आणखी एकदा वाढवलं तर? २५०, ८००, मग त्याचे २,०००, आपला कॉल. पॉट ४,१५०, मागे ८,०००.

आर्णीकर
मागे पॉटच्या दुप्पटही उरलेले नाहीत. इथे एक्के, इस्पिक असो-नसो, क्वचितच सुटतात, कारण एवढ्या वाढवावाढवीत सत्ती-छक्की, दश्शी-नव्वी राहत नाहीत. उरतात मोठ्या जोड्या आणि मोजके एक्का-राजा, एक्का-राणी. रक्कम मात्र लहानच: त्याने चेक केल्यावर १,३०० लावा. कॉल झाला की पॉट ६,७५० आणि मागे ६,७००. टर्नला इस्पिक नसेल तर सगळे मध्ये. समोरच्या गुलामाच्या जोडीत एक इस्पिक असेल तर त्याला चुकीच्या भावात कॉल करावा लागतो.

पऱ्हाटी
आता पहिल्या हातावर या. ६०० ले कॉल आला, टर्नले बदाम दुर्री पडली. त्यानं चेक केलं. पॉट २,९५०. किती?

वर्धा_वळण
समोर इस्पिकसकट गुलामाची जोडी धरा. त्याला नऊ इस्पिकं आणि दोन गुलाम, ४४ पैकी ११ पानं, बरोबर २५ टक्के. आपण अर्धा पॉट लावला तर त्याला लागणारा भावही २५ टक्केच, म्हणजे त्याचा तोटा काहीच नाही. म्हणून अर्ध्याच्या वर: २,०००. दोन सागरगोटे, मोजायलाही सोपं. त्याला २९ टक्के लागतात, आहेत २५.

यावर त्याने वाढवलं तर पडा. टर्नला वाढवणारे हात आपल्या यादीत फ्लश आणि सेटच उरतात.

पऱ्हाटी
अन् रिव्हरले चौथं इस्पिक आलं, त्यानं चेक केलं तर? एक्के अजून हातातच हायत.

वर्धा_वळण
आपणही चेक करायचं आणि पानं दाखवायची, भाऊ. बिनइस्पिकची राणी-गुलाम, राजा-राणी तिथे कॉल करत नाही, इस्पिकवाला करतो. त्याने स्वतःहून ५००-६०० लावले तर पॉट पाहून एकदा कॉल करता येईल. ३,००० च्या वर लावले तर पानं पालथी टाका.